चालू कार्यक्रमातला सत्कार

ज्या वर्षी पुण्यात मला सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या, त्याच वर्षी सकाळी उठून दात घासणं मला जमत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या एकाच वर्षात कशा मावल्या, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आज चाळिशी ओलांडल्यावरही नीट कळलंय असं छातीठोकपणे सांगवत नाही. आत्मकथन साठीनंतर लिहावं म्हणतात. पण लोकांना हसवायच्या धंद्यात माणूस चाळिशीतच म्हातारा होतो. नवी पोरं 'सर' म्हणायला लागतात आणि आपल्या विनोदाला आदरानं हसतात. त्यामुळे फार उशीर व्हायच्या आत लिहून टाकलेलं बरं.

मी वऱ्हाडातल्या दारव्ह्याकडचा. इंजिनिअर झालो आणि पुण्याला आलो, कारण आमच्याकडं इंजिनिअर झालेला मुलगा पुण्यालाच येतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. धायरीत आक्कांच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर मला एक खोली मिळाली. बिल्डिंगच्या जागी पूर्वी आक्कांच्या सासऱ्यांची ज्वारी होती. आता तिथं चार मजले भाडेकरू होते आणि पार्किंगच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दोन म्हशी. एवढं भाडं येत असताना म्हशी कशाला, असं कोणी विचारलं की आक्का म्हणायच्या, "भाडेकरू दूध देत्यात व्हय?" त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला होती. आक्का पन्नाशीच्या, ठसठशीत, कायम घाईत. सकाळी बोअरची मोटर सुरू व्हायची, मग म्हशींच्या साखळ्या वाजायच्या, मग शेजारच्या साइटवर सळया कापायचं मशीन, आणि या सगळ्यावर आक्कांचा आवाज, कारण कोणीतरी रोज चुकीच्या जागी गाडी लावलेली असायचीच. मी आलो तेव्हा मला वाटलं होतं, या गोंगाटात आपण दोन महिनेसुद्धा काढणार नाही. आता इतक्या वर्षांनी एखाद्या गावच्या शांत हॉटेलात मला झोप येत नाही, त्याचं कारण बहुधा तिथंच आहे.

जेवणाचं मात्र लवकरच जमलं. खाणावळीचा डबा मी लावला होता, पण त्यातली भाजी गोड असायची, म्हणजे चक्क साखर घातलेली, आणि वर ते लोक विचारायचे, 'तिखट नाही ना झालं?' आक्कांनी एकदा तो डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि खाली गेल्या. थोड्या वेळानं एका ताटात बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी वर आली. मी वरून आईनं पाठवलेलं लाल तिखट भुरभुरलं, ते त्यांनी बघितलं आणि त्यांना ते फार लागलं. पुढं आठवडाभर त्यांनी माझ्या ताटात जे पाठवलं, ते खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. आई दर महिन्याला जवसाची चटणी आणि मुगवड्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायची. मी सकाळी स्वारगेटला जाऊन ती पिशवी घ्यायचो आणि निम्मी आक्कांना द्यायचो. मुगवड्या त्यांना आवडल्या. जवसाच्या चटणीबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की म्हशीलाबी आवडंल.

आक्कांना नाद होता तो सत्कारांचा. धायरी शहरात गेली तरी गावातले कार्यक्रम थांबले नव्हते. व्यायामशाळेचं उद्घाटन, कोणाच्या मुलाची दहावी, भजनी मंडळाचा वर्धापनदिन, बचतगटाची सहल सुखरूप परत आली तेही. प्रत्येक कार्यक्रमात शाल आणि नारळ ठरलेला. आक्का कुठल्या ना कुठल्या मंडळावर होत्याच, त्यामुळे त्या कधी सत्कार करायच्या, कधी स्वीकारायच्या. मिळालेली शाल घडी न मोडता कपाटात जायची आणि पुढच्या सत्काराला बाहेर पडायची. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला एक शाल पांघरली, तिला आधीच्या कोणाच्या तरी विजयाचा गुलाल लागलेला होता.

कॉमेडीच्या भानगडीत मला केदारनं ओढलं. केदार कसबा पेठेतला. आम्ही एकाच कंपनीत होतो, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी आमच्याकडच्या उन्हाळ्याचं काहीतरी सांगत होतो. सगळे हसत होते आणि केदार अजिबात न हसता म्हणाला, "बरं आहे. माइकवर सांगशील का?" पुण्यात 'बरं आहे' ही पदवी असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, याला आवडलं नाही. शहरातल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर तो ओपन माइक चालवायचा. ज्याला यायचं त्यानं यावं, आपलं नाव सांगावं, चार-पाच मिनिटं उभं राहून लोकांना हसवावं, नाही हसले तर खाली मान घालून परत यावं. शनिवारी दुपारी मी त्याच्या घरी तयारीला जायचो. धायरीहून बसनं स्वारगेट, तिथून दुसरी बस, मग पेठेतल्या गल्ल्यांतून चालत. त्याच्या घराजवळ तांबट आळी. त्यांच्या हातोड्यांच्या ठोक्यांत बोलावं लागायचं. केदार म्हणायचा, या आवाजात जो जोक ऐकू येतो तो कुठंही चालतो. त्याची आई मध्येच येऊन पोहे ठेवायची आणि आमच्याकडे अशी बघायची की दोन धडधाकट इंजिनिअर शनिवारी दुपारी भिंतीशी का बोलतायत.

या धंद्याचा एक नियम इथं सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. स्टेजवर उभं राहिल्यावर वेळेचं भान राहत नाही. म्हणून कार्यक्रम चालवणारा माणूस सगळ्यांच्या मागं उभा राहतो आणि वेळ संपत आली की मोबाइलची बॅटरी लावून दाखवतो. त्याला आम्ही 'लाइट' म्हणतो. लाइट दिसला की आवरायचं आणि उतरायचं. दिसून न उतरणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि दिसायच्या आधी उतरणं म्हणजे पळून जाणं. पळून गेलेल्याचं नाव पुढं कोणी घेत नाही. पण एखाद्याचं फारच रंगलं तर मागचा माणूस मुद्दाम लाइट दाखवत नाही, आणखी वेळ देतो. कॉमेडियननं कॉमेडियनला द्यायची यापेक्षा मोठी भेट आमच्यात नाही. केदार ही भेट सहसा कोणाला देत नसे.

स्टेजवर मी चालायला लागलो, पण का चालतोय ते मला उमगेना. मी स्टेजवर जाऊन नुसतं "काय म्हणता बावाहो, बरे आहा नं?" म्हटलं की हॉल हसायचा. विनोद पुढं असायचा, हशा आधीच येऊन बसलेला. आईशी मी फोनवर जे बोलतो, दारव्ह्याच्या स्टँडवर चहा मागताना जे बोलतो, ते इथं बोललो की लोक खुर्चीवर मागं पडायचे. ऑफिसात मी दोन वर्षं जपून पुस्तकी मराठी बोलत होतो आणि इथं तीच जपणूक सोडायचे पैसे मिळत होते. मला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी कोणीतरी आपल्या आईला हसतंय असंही वाटायचं. केदारला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दोन्ही खरं असेल. सेट सात मिनिटांचा कर." म्हणजे माझी स्टेजवरची वेळ त्यानं वाढवली.

त्याच सुमारास ते सुरू झालं. कधी सुरू झालं, हे मला सांगता येत नाही. एक दिवस बसमध्ये बसल्या बसल्या रडू आलं आणि थांबेचना. काही झालेलं नव्हतं. नोकरी ठीक होती, घरी सगळे बरे होते, आदल्याच दिवशी शो चांगला झाला होता. मी कारण शोधत बसलो. सॉफ्टवेअरमधली चूक शोधतात तसं एकेक तपासून बघितलं, सगळं नीट चालत होतं, फक्त मी चालत नव्हतो. मग भूक गेली. आक्कांची भाकरी तोंडात फिरायची पण खाली उतरायची नाही. सकाळी डोळे उघडले की छातीवर कोणी बसलंय असं वाटायचं आणि अंथरुणातून उठायचं म्हणजे मोठं ओझं उचलायचं. आई रोज फोन करायची. मी तिला हसवायचो. लहानपणापासून तिला हसवायची मला सवयच होती. "काय करून रायला रे बाबू?" असं तिनं विचारलं की मी आक्कांच्या आवाजात म्हशींना ओरडून दाखवायचो, ती पोट धरून हसायची आणि फोन ठेवल्यावर मी तासभर भिंतीकडे तोंड करून पडायचो. भीती एकच वाटायची. हे असंच वाढत गेलं तर एक दिवस मी राहणार नाही, आणि लोक म्हणतील, किती हसरा मुलगा होता हो.

शेवटी सिंहगड रस्त्यावर एका मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी सांगायला तोंड उघडलं आणि विनोद बाहेर पडला. खरंच सांगतो, मी ठरवून केला नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मला कशातच गोडी वाटत नाही, फक्त खाणावळीच्या भाजीत वाटते." ते हसले. मग मला थांबताच येईना. बाहेर पडताना ते म्हणाले, तुमची विनोदबुद्धी शाबूत आहे, ही फार चांगली खूण आहे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि महिन्यानं बोलावलं. मी जिना उतरताना विचार करत होतो की आपण त्यांना काय सांगितलं? काहीच आठवेना. फक्त ते कुठं कुठं हसले, तेवढं पाठ होतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं, मी ते स्टेजवर नेलं. माझा डॉक्टरांचा बिट असा तयार झाला. बिट म्हणजे एका विषयावरच्या विनोदांची लड. डॉक्टरांना सांगतो, कशातच रस वाटत नाही. डॉक्टर विचारतात, पुण्यात येऊन किती वर्षं झाली? आईला सांगतो, माझं मन आजारी आहे. आई म्हणते, "मंग त्याले काऊन नेलं पुण्याले?" असं करत करत शेवटी मी म्हणायचो, "पण आता मी बरा आहे." मग एक शेवटचा विनोद आणि नमस्कार. हा बिट पुण्यात तुफान चालला. शो संपल्यावर जिन्यात लोक थांबायचे. बँकेतले एक गृहस्थ, एक कॉलेजची मुलगी, एक माझ्याएवढाच नागपूरकडचा पोरगा. हळू आवाजात सांगायचे, मलापण आहे, घरी माहीत नाही, तुम्ही बोललात म्हणून बरं वाटलं. काही जण रडायचे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायचो. 'मनाच्या आजारावर मोकळेपणानं बोलणारा' अशी माझी ओळख व्हायला लागली. मला कळेना की ज्याच्याबद्दल हे बोलतायत तो माणूस कोण. स्टेजवरचा मी बरा झालेला होता. त्याच्याकडे शेवटचं वाक्य होतं. खोलीतल्या माझ्याकडे नव्हतं.

गोळ्यांनी झोप यायची, डोकं जड व्हायचं, विनोद सुचायचा पण चव लागायची नाही. मग वाटायला लागलं, आजार गेला तर बिटही जाईल, आणि बिट गेला तर पुण्यात माझ्याकडे राहतंच काय? दुसरीकडे असंही वाटायचं की जो रोज हसवतो तो आजारी असेलच कसा, आपण नाटक तर करत नाही ना? या घोळात मी एक दिवस गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. असं मनानं करू नये, हे आज मी प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी हात जोडून सांगतो, तेव्हा समोरची दोन-चार माणसं मान खाली घालतात. त्यांना मी ओळखतो.

केदारनं एका रविवारी संध्याकाळी माझा एकट्याचा पहिला शो लावला. माझा फोटो असलेलं पोस्टर एका फोनवरून दुसऱ्यावर फिरत धायरीतही पोचलं. आक्का पोस्टर घेऊन वर आल्या. "हे तूच ना? मग सांगायचं न्हाई व्हय आमाला?" मी म्हटलं, नका येऊ आक्का, तुम्हाला कंटाळा येईल. त्या म्हणाल्या, "आपल्या बिल्डिंगीतलं पोरगं स्टेजवर बसणार आनी आपलं कुनी न्हाई, हे बरं दिसतं का?" शोला स्टेजवर बसत नाहीत, एकटंच उभं राहतात, हे सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं. रविवारी त्या रिक्षानं आल्या. काठापदराची साडी, डोक्यावर पदर, मांडीवर एक मोठी पिशवी. कॅफेतल्या फाटक्या जीन्सवाल्या पोरापोरींमध्ये पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. केदारनं त्यांना "आपण पाणी घेणार का?" विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आदी कार्यक्रम हुंदे."

सुरुवात छान झाली. मी बोलत होतो, हॉल हसत होता, आक्का हसत नव्हत्या, पण एकेकाकडे वळून बघत होत्या की हे का हसले. डॉक्टरांचा बिट आला, तोही नेहमीसारखा गेला. मग ते शेवटचं वाक्य आलं. "पण आता मी" एवढं म्हणालो आणि पुढचे दोन शब्द निघेनात. विसरलो नव्हतो. तोंडच वळेना. मी उभा राहिलो. लोकांना वाटलं, थांबण्यात गंमत आहे, ते हसले. मी म्हणालो, "मी बरा नाही." मोठा हशा. मी म्हणालो, "खरंच नाही. गोळ्या मी बंद केल्यात. सकाळी जाग आली की वाटतं, आलीच नसती तर बरं झालं असतं." टाळ्या पडल्या. घाबरल्यावर माझी पुस्तकी मराठी पळते, तशी ती पळाली. मी म्हणालो, "हसू नका नं बावाहो. मले नाई जमून रायलं हे. मले लय भेव वाटून रायलं." माझ्या आयुष्यात मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि ज्या बोलीत मी ते बोललो ती बोली ऐकून हसायलाच ते आलेले होते. हॉल कोसळला. कोणीतरी खुर्चीवर हात आपटत होतं.

मी मागं बघत होतो. केदार भिंतीला टेकून उभा होता, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. मी लाइटची वाट बघत होतो. मला तेवढं एकच सुचत होतं की लाइट दिसला की उतरता येईल. स्वतःहून उतरावं, हे मनात येत नव्हतं. माणूस बुडत असताना नियम कसले पाळतो, असं आज मलाही वाटतं, पण तेव्हा तो नियमच काय तो हाताशी होता. लाइट दिसेना. मी बोलत राहिलो, कारण गप्प उभं राहणं त्याहून कठीण होतं. काय बोललो ते आठवत नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि हशावर हशा येत होता. केदारनं मला दुरूनच अंगठा वर करून 'मस्त' अशी खूण केली. तेव्हा मला कळलं की तो मला वेळ देतोय.

तेवढ्यात आक्का उठल्या. पिशवीतून शाल काढली, घडी उलगडली, नारळ काढला आणि सरळ स्टेजवर चढल्या. माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माइककडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगीच्या वतीनं ह्या पोराचा सत्कार. टाळ्या वाजवा आनी उठा आता." लोक उभे राहिले. इतक्या टाळ्या मी त्या हॉलमध्ये कधी ऐकल्या नव्हत्या. सगळ्यांना वाटलं, हे ठरवून केलंय. आक्कांनी माझं मनगट धरलं ते जिना उतरून रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही. गावाकडच्या कार्यक्रमांत ही रीत आहे, ती मला फार नंतर समजली. कोणी वक्ता भरकटला, थांबेना, किंवा त्याची फजिती व्हायला लागली की मंडळातलं कोणीतरी शाल घेऊन उठतं. सत्कार झाला की माणसाला थांबावंच लागतं, आणि अब्रूही राहते.

घरी आल्यावर मीठ-मिरच्या घेऊन त्यांनी माझी दृष्ट काढली आणि कढी-भात वाढला. म्हणाल्या, "एवढी मानसं हसतानी बघत हुती तुझ्याकडं, लागली आसंल एकाद्याची." मी चार घास खाल्ले आणि त्यांना सगळं सांगितलं. गोळ्या, डॉक्टर, बस, सकाळ. त्यांना निम्मं समजलं असेल. माझा फोन घेऊन त्यांनी आईला लावला. त्या धायरीच्या भाषेत बोलत होत्या, पलीकडून आई वऱ्हाडीत विचारत होती, "काय झालं हो त्याले?" आणि आक्का सांगत होत्या, "हातीपायी धड हाय, पर बरं न्हाई त्याला. तुमी या." आई दुसऱ्या दिवशीच्या ट्रॅव्हल्सनं निघाली. डॉक्टरांकडे मंगळवारी आक्काच घेऊन जाणार, हेही त्यांनीच ठरवलं.

सोमवारी सकाळी केदार आला. मी शेडजवळच्या कट्ट्यावर बसलो होतो, आक्का म्हशींना कडबा टाकत होत्या. केदारचा चेहरा उजळलेला होता. तो म्हणाला, "चांगलं होतं." हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. "शेवट तर अफाट. आक्का, तुम्हाला पुढच्या शोला आणावं लागणार. व्हिडिओ आज टाकूया?"

मी म्हणालो, "केदार, ते खरं होतं."

"म्हणून तर चाललं."

"तसं नाही. आत्ताही खरं आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग खिशातून मोबाइल काढून त्यानं ते रेकॉर्डिंग लावलं, मला दाखवायला नाही, स्वतः ऐकायला. भेव वाटून रायलं, असं माझा आवाज म्हणाला आणि त्याच्यावर एक हसणं आलं, बाकी सगळ्या हसण्यांपेक्षा मोठं, कारण ते मोबाइलच्या अगदी जवळ होतं. ते केदारचं होतं. त्यानं मोबाइल बंद केला.

"तू लाइटची वाट बघत होतास?"

"हो."

"मी मुद्दाम दाखवला नाही. म्हटलं, आज याला हवा तेवढा वेळ मिळू दे."

"माहितेय."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग आक्कांना म्हणाला, "अहो आक्का, तुम्हाला कसं कळलं?"

आक्कांनी कडब्याची पेंढी खाली ठेवली. "मला काय कळायचंय? मला त्यातला एक जोक कळला न्हाई. पोरगं रडत हुतं. तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं," केदार म्हणाला. "मला वाटलं, काय सुंदर करतोय."

मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. तो माझ्याशेजारी कट्ट्यावर बसून रडला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याला जे सांगायला हवं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. ते मी मंगळवारी सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, काय होतंय? आक्का शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. मी म्हणालो, "डॉक्टर, परवा मी खरोखर रडत होतो, आणि रडता रडता मलाही वाटत होतं की आज चांगलं चाललंय."